दोनच माणसांची गाडी



गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला जे सभासद हजर होते त्यांना हा मजकूर कशाबद्दल आहे ते शीर्षकावरूनच कळले असेल. जे नव्हते त्यांच्यासाठी हकिकत थोडक्यात सांगतो.

आपल्या मंडळाचे एक जुने सभासद आहेत. बावीस वर्षे इथे झाली. हॉलचे बुकिंग, खुर्च्या मोजून घेणे, कार्यक्रम संपल्यावर पातेली परत पोचवणे ही कामे ज्यांच्या गळ्यात न सांगता पडतात असे गृहस्थ. नाव इथे देत नाही, सगळे त्यांना दादा म्हणतात तेच म्हणू. पाडव्याला दादा आणि वहिनी एका लाल, बुटक्या, बिनटपाच्या गाडीतून आले. गाडी माझदा एमएक्स-५, १९९२ सालची. पन्नाशी झाली म्हणून त्यांनी ती स्वतःला भेट घेतली होती. हॉलच्या दारात आपली मंडळी जमली आणि मग जे व्हायचे ते झाले. "मुलांना डिकीत बसवणार का?" "एवढ्या पैशात पनवेलच्या फ्लॅटचा हप्ता गेला असता." "दादा, पन्नाशीत असे होते म्हणतात, औषध घ्या." दारात बसून आम्ही जेवणाची कुपने फाडत होतो. आम्हीही मागे राहिलो नाही. "दादा, टप विकून कुपनाचे पैसे आणलेत का?" असे आम्ही विचारले आणि त्या दिवसातला सर्वांत मोठा हशा आमच्या वाट्याला आला.

दादा हसले. वहिनी हसल्या नाहीत. श्रीखंड वाढायच्या आधी दोघे निघून गेले, आणि त्यानंतरच्या तीन कार्यक्रमांना आलेले नाहीत. खुर्च्या आता भाड्याने देणाऱ्याचा माणूस मोजतो, आणि प्रत्येक वेळी चार-पाच कमी भरतात.

तेव्हा या अंकात आम्ही त्या गाडीची बाजू मांडणार आहोत. दादांना वाचून दाखवूनच हे छापत आहोत.

आधी एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. चिपळूणला आजोळी पुढच्या खोलीत एक फोटो होता. आमचे मामा शारजात एका कंपनीच्या गोदामात कामाला होते. त्यांनी १९९३ साली तो पाठवला. पाठीमागे शारजाची खाडी, बाजूला खजुराची झाडे, आणि मामा एका लाल उघड्या गाडीला टेकून उभे. डोळ्यांवर गॉगल, एक हात दारावर. गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमधून वर आलेले, बेडकाच्या डोळ्यांसारखे. दाराला एवढीशी चकचकीत मूठ, दोन बोटे जेमतेम जातील एवढी. आम्ही तेव्हा शाळेतही जात नव्हतो, पण पुढची दहा-बारा वर्षे सुट्टीत त्या फोटोखाली आमची अंथरुणे पडत. गावात सर्वांना ठाऊक होते की मामांची शारजाला लाल गाडी आहे. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मामा सुट्टीवर आले की कुणीतरी विचारायचेच, "गाडी कुणाकडे ठेवून आलात?" मामा म्हणायचे, "आहे एक मित्र."

आम्ही पुढे शिकलो, डॉक्टरेट मिळवली (आम्हाला अजूनही खोकल्याचे औषध विचारणाऱ्या सभासदांसाठी पुन्हा एकदा : आम्ही रसायनशास्त्राचे डॉक्टर आहोत) आणि इकडे नोकरीला आलो. मामा २००९ सालीच, इथली पुष्कळ कामे बंद पडली तेव्हा, कायमचे परतले होते. इथे आल्यावर त्यांच्या एका जुन्या खोलीसोबत्याची गाठ पडली. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला. ते गृहस्थ बराच वेळ आठवत राहिले आणि मग म्हणाले, "गाडी? आम्ही तर कंपनीच्या बसने जायचो. शुक्रवारी कॉर्निशवर जाऊन कुणाच्याही गाडीजवळ फोटो काढायचो. मालक आला की पळायचो."

ही एकट्या आमच्या मामांची गोष्ट नव्हे. आखातात आलेल्या माणसांच्या घरोघरी असा एकेक फोटो असेल. परक्याच्या गाडीशेजारी, परक्या हॉटेलच्या कारंज्यासमोर. घरचे खूष होत आणि पाठवणारा पुन्हा बसमध्ये चढे. मामांनी सोळा वर्षांत दोन बहिणींची लग्ने केली, घराला स्लॅब घातला, आमच्या शिक्षणालाही हातभार लावला. स्वतःसाठी त्यांनी इथे काय घेतले ते आम्ही विचारले आहे. एक टेपरेकॉर्डर, आणि तोही परतताना घरीच आणला.

दादांची गाडी आम्ही प्रथम नीट पाहिली ती पाडव्याच्या दिवशी नव्हे, दोन महिन्यांनी, त्यांच्या बिल्डिंगखाली. तीच छोटी मूठ. दादांनी बटण दाबले आणि तेच बेडकाचे डोळे वर आले. मग मात्र आम्हाला आमच्या विनोदाची लाज वाटली.

आता गाडीविषयी, कारण हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती काय आहे हेच ठाऊक नव्हते.

आपल्या पिढीला माझदा हे नाव कळले ते स्वराज माझदामुळे, म्हणजे शाळेची बस नाहीतर भाजीचा ट्रक. ते अगदीच चूक नाही. माझदा ही हिरोशिमाची कंपनी आणि तिचे पोट १९३१ पासून पुष्कळ वर्षे भरले ते मालवाहू तीनचाकींवर. १९४५ साली शहरावर बॉम्ब पडला तेव्हा मध्ये टेकडी असल्याने हा कारखाना वाचला. काही महिने प्रांताच्या सरकारी कचेऱ्याही त्याच्याच आवारात होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तीनचाकी पुन्हा बाहेर पडू लागल्या. अशा ओझी वाहणाऱ्या कंपनीने पुढे दोन माणसे आणि एखादी पिशवी यापलीकडे काही न मावणारी गाडी काढली, ही आम्हाला मौजेची गोष्ट वाटते.

त्याचे असे झाले. दोन आसनी, उघड्या टपाच्या, हलक्या गाड्या ही मूळची इंग्रजांची आवड. एमजी, ट्रायम्फ, लोटस. चालवायला गोड, पण तेल गळणार, पावसात टप गळणार, सकाळी सुरू होईल याचा भरवसा नाही. सत्तरीचे दशक संपता संपता त्या बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या. १९७९ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवले की आता अशी गाडी कुणीच करत नाही, तुम्ही करा. यामामोतो १९८४ साली कंपनीचे अध्यक्ष झाले. हॉल तोपर्यंत कंपनीच्याच अमेरिकेतल्या कचेरीत कामाला लागले होते. गाडीचे रूप पुष्कळसे कॅलिफोर्नियात घडले, ती प्रत्यक्षात उतरवण्याचे काम तोशिहिको हिराई यांच्याकडे होते, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती जगाला दिसली. जपानात नाव युनोस रोडस्टर, अमेरिकेत मियाटा, इतरत्र एमएक्स-५.

इंजिन १.६ लिटरचे, ताकद ११५ घोड्यांच्या आसपास. आजच्या साध्या कुटुंबाच्या गाडीतही एवढी असते. पण वजन हजार किलोच्या आत, आणि ते पुढच्या व मागच्या चाकांवर जवळपास निम्मे-निम्मे. बॉनेट ॲल्युमिनियमचे. हिराई यांच्या मंडळींनी एक जपानी शब्द धरून काम केले, 'जिनबा इत्ताइ', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. घोड्यावरच्या पुतळ्यांच्या चौकांत वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. टप हाताने उघडतो. दोन खिट्ट्या काढायच्या आणि बसल्या जागेवरून मागे ढकलायचा. वहिनी हे काम सिग्नल लाल असेतो करतात, आम्ही पाहिले आहे.

गाडी चालली, आणि चांगलीच चालली. पहिली पिढी १९९७ पर्यंत निघाली, चार लाखांहून अधिक. दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांत सर्वाधिक खपाची म्हणून २००० साली गिनेस बुकात नोंद झाली. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी बाहेर पडली. जपानात तेव्हा दिवसच तसे होते. ज्या सुझुकीने आपल्याला मारुती ८०० दिली तिनेच १९९१ साली कॅपुचिनो नावाची याहून बारकी दोन आसनी काढली होती, इंजिन मारुतीपेक्षाही लहान, ६५७ सीसी. त्याच वर्षी होंडाची बीट आली. त्या दोन्ही काही वर्षांत बंद झाल्या. एमएक्स-५ तेवढी टिकली.

आता आक्षेप. पाडव्याला निघाले तेवढे सगळे घेतो, कारण त्यांतले काही खरे आहेत.

मुलांचा आक्षेप पूर्ण खरा आहे. इथे २०१७ पासून नियम स्पष्ट आहे. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चाइल्ड सीट पाहिजे, आणि दहा वर्षांखालच्या किंवा १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत नाही. या गाडीत मागची सीटच नाही. म्हणजे ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांच्या उपयोगाची ही गाडी नव्हे. 'मांडीवर घेऊन बसू, जवळच तर जायचे आहे' असे कुणी म्हणेल तर आम्ही त्याच्याशी भांडू. पण दादांची थोरली पुण्याला इंजिनिअरिंगला आणि धाकटा यंदा कॅनडाला गेला. मागची सीट रिकामी आहे म्हणून ती नसलेली बरी, असे वहिनी म्हणाल्या. आम्ही त्यावर काही बोललो नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा पाडव्याला कुणी काढला नाही, पण काढायला हवा होता. १९९२ सालची हलकी गाडी ती हलकी गाडीच. शेख झायेद रोडवर मागून आलेली मोठी फोर-व्हील आरशात पूर्ण मावत नाही, एमिरेट्स रोडवरच्या ट्रेलरचे चाक आपल्या खांद्याच्या वर असते. आजच्या गाडीतल्या पिशव्या आणि गजर तिच्यात नाहीत. दादा ती रोज कामावर नेत नाहीत. कामाला त्यांची जुनी सेडान आहेच. ही शनिवारी-रविवारी पहाटे निघते, खोरफक्कानच्या डोंगरातल्या रस्त्याने किंवा हत्ताला, आणि ऊन चढायच्या आत घरी. पूर्वी शुक्रवारी निघता आले असते. आठवड्याची सुट्टी २०२२ पासून बदलली आणि आपल्या कार्यक्रमांचे वेळापत्रक अजून तिच्याशी जुळलेले नाही, पण तो विषय कार्यकारिणीचा.

उन्हाळ्याबद्दल हसणारे निम्मे बरोबर आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये स्वैहानला पारा ५१.८ वर गेला. अशा दिवसांत टप उघडणे म्हणजे तंदुरात डोके घालणे. नोव्हेंबर ते मार्च हा तिचा हंगाम. पण आपण समुद्रावर किती महिने जातो? बार्बेक्यूच्या शेगड्या किती महिने बाल्कनीत धूळ खातात? त्यांना कुणी हसत नाही.

पाडव्यानंतर गंमत अशी झाली की हसणाऱ्यांपैकी तिघांनी आम्हाला बाजूला घेऊन किंमत विचारली आणि अशी गाडी घ्यायची तर काय पाहावे तेही विचारले. किंमत दादांनी विश्वासाने सांगितली आहे, ती सांगणार नाही. काय पाहावे ते मात्र सांगतो, कारण इथे आमच्या धंद्याचा संबंध येतो. आमचे पोट रबर आणि प्लास्टिक यांच्या तपासणीवर चालते.

जुनी गाडी म्हटले की आपण इंजिन ऐकतो. या गाडीचे इंजिन सहसा तक्रार करत नाही. मरते ते रबर आणि प्लास्टिक. रासायनिक क्रियेचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, असा आमच्याकडे ढोबळ हिशेब आहे. बंद गाडीच्या आत इथे भर दुपारी साठच्या वर जाते. तेव्हा थंड देशात वीस वर्षे टिकलेले रबर इथे तेवढे टिकेल असे समजू नका.

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला मागची काच नसते, मऊ प्लास्टिकची खिडकी असते, चेन लावून टपाला जोडलेली. हे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. मूळचे पीव्हीसी पाण्याच्या पाइपासारखे कडक असते, त्यात तेलकट द्रव्य घालून ते मऊ करतात. ते द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जाते. जुन्या रेक्झिनच्या सोफ्याला तडे जातात ते याच कारणाने. वर उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकचे रेणू मोडतात आणि खिडकी आधी पिवळी, मग तपकिरी होते. टप खाली करण्यापूर्वी ती चेन उघडून खिडकी सपाट ठेवायची, नाहीतर घडीवर तडा जातो. पुष्कळ जण घाई करतात. खिडकीवर घडीची पांढरी रेघ दिसली तर मालक घाईचा होता असे समजावे आणि बाकीची गाडीही त्याच नजरेने पाहावी. १९९८ च्या सुमाराला आलेल्या दुसऱ्या पिढीत खरी काच आहे, पण बेडकाचे डोळे नाहीत. काय हवे ते आपापले ठरवावे.

टायरचे इथे सर्वांनीच वाचावे, एमएक्स-५ असो वा नसो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२२१ असेल तर २०२१ चा बत्तिसावा आठवडा. इथे पाच वर्षांहून जुना टायर चालत नाही, नक्षी कितीही शाबूत असली तरी. पासिंगला अडतोच, शिवाय रस्त्यात पकडल्यास दंड आहे. हा नियम आम्हाला शंभर टक्के पटतो. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, म्हणून मालक तो बदलत नाही, आणि आतून रबर वाळत असते. हवेतला ओझोन त्याला बारीक चिरा पाडतो. या गाडीला १८५/६० आर १४ मापाचा टायर लागतो. तो आता सगळीकडे मिळत नाही, तेव्हा आधी टायरवाल्याकडे चौकशी, मग गाडीचा सौदा.

रेडिएटरच्या वरची टाकी काळ्या प्लास्टिकची असते. ती तपकिरी झाली असेल तर तिचे दिवस भरले, ऐन हमरस्त्यावर फुटण्याआधी बदलून टाकावी. टायमिंग बेल्ट रबराचा असतो, लाखभर किलोमीटरला बदलायचा. कधी बदलला याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असे धरा. एक दिलासा असा की बेल्ट तुटला तरी या इंजिनाचे व्हॉल्व वाकत नाहीत, गाडी नुसती थांबते. ब्रेकचे तेल हवेतली वाफ ओढून घेते आणि आपल्या सप्टेंबरच्या दमट हवेत जरा जास्तच. दोन वर्षांनी बदला. टपाच्या मागे दोन्ही बाजूंना पाणी जायची भोके असतात, ती इथल्या धुळीने बुजतात, मग धुण्याचे पाणीही दारांखालच्या पोकळीत साचून पत्रा आतून गंजतो. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवतो ना? अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटर पडला. त्या दिवशी मोठमोठ्या फोर-व्हील गाड्याही तरंगल्या, तेव्हा पाण्याचा दोष एकट्या उघड्या टपाला देऊ नका. पण भोके मात्र तारेने साफ ठेवा.

विमा. एवढ्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या थर्ड पार्टीच देतात, म्हणजे ठोकली तर आपल्या गाडीचे पैसे आपल्याच खिशातून. म्हणून कर्ज काढून ही गाडी घेऊ नये, हे आमचे ठाम मत. दादांनी रोखीने घेतली. मुलांच्या फीचे पैसे, गावच्या आईच्या औषधाचे पैसे बाजूला काढून उरलेल्यातून. हे आम्हाला त्यांनी आपण होऊन सांगितले, एखाद्या चौकशी समितीपुढे सांगावे तसे. आमच्याच मंडळातल्या माणसाला असा हिशेब द्यावासा वाटला, हे आम्हाला त्या हशापेक्षाही जास्त लागले.

कारण खरा आक्षेप यांतला कुठलाच नव्हता. खरा आक्षेप पनवेलच्या फ्लॅटचा होता.

आपण इथे घेतलेली प्रत्येक वस्तू एका प्रश्नातून जाते : ही घरी नेता येईल का? सोने नेता येते. टीव्ही न्यायचो, कस्टम भरून. पैसे पाठवता येतात. ही गाडी नेता येत नाही. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आणू देत नाहीत, आणि स्टिअरिंगही उजवीकडे लागते. म्हणजे दादांनी असे काही घेतले जे फक्त इथेच, फक्त आत्ताच वापरता येईल. ज्या दिवशी व्हिसा संपेल त्या दिवशी ती शारजाच्या सुक अल हराजमध्ये उभी करावी लागेल आणि येईल ती किंमत घ्यावी लागेल. हे दादांना ठाऊक आहे. आपल्याला तो शुद्ध तोटा वाटला.

पण आपला दुसऱ्या बाजूचा हिशेबही कधीतरी मांडावा. आपल्यापैकी किती जणांचे फ्लॅट गावाकडे कुलूप लावून पडले आहेत? दर सुट्टीत पहिले तीन दिवस जाळी-जळमटे काढण्यात जातात, नळ गंजलेले असतात, फ्रिजचे रबर चिकटलेले असते (रबर तिथेही मरते). चार वर्षांपूर्वी आपल्या एका सभासदाचे इथे अचानक निधन झाले. त्यांच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावरचे दुकानाचे प्लास्टिक अजून निघालेले नव्हते. ते प्लास्टिक काढायला त्यांच्या पत्नीसोबत आमच्याच घरातले माणूस गेले होते, म्हणून ठाऊक.

फ्लॅट घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. आमचाही एक आहे, बदलापूरला, हप्ते चालू आहेत. पैसे उधळा असेही म्हणत नाही. ज्याची देणी बाकी आहेत त्याने आधी ती फेडावी. आमचे म्हणणे एवढेच की ज्या माणसाने बावीस वर्षे सगळ्यांचे करून झाल्यावर एक गोष्ट स्वतःसाठी आणि बायकोसाठी घेतली, त्याला आपण दारात उभे करून जाब विचारला. वहिनींबद्दल तर कुणी बोललेच नाही. ही गाडी दादांची हौस असे आपण धरून चाललो. वहिनींनी इथे लायसन्स काढले तेव्हा तीनदा नापास झाल्या होत्या, चौथ्यांदा पास झाल्या, आणि त्यानंतर अठरा वर्षे शाळेचे दार, क्लास, भाजी, डॉक्टर एवढेच चालवले. खोरफक्कानच्या बोगद्यांतून गाडी त्या नेतात, दादा शेजारी बसतात. दादांना गिअरची गाडी घाटात नीट जमत नाही, हे छापायला त्यांनी परवानगी दिली आहे.

माझदाने २०१७ साली जाहीर केले की पहिल्या पिढीच्या जुन्या गाड्या जपानातल्या मालकांना कंपनीच पुन्हा नीट करून देईल. त्यासाठी बंद पडलेले भाग नव्याने बनवायला घेतले. त्यांत टपाचे कापड आले, आणि मूळ जातीचे टायरही ब्रिजस्टोनकडून पुन्हा करवून घेतले. मरणारे भाग कोणते हे त्यांनाही बरोबर ठाऊक होते. आपल्याला तेवढी सोय नाही, पण शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात टप शिवणारा एक कारागीर दादांना सापडला आहे. कुणाला हवा असल्यास पत्ता त्यांच्याकडे मिळेल. निदान तेवढ्यासाठी तरी त्यांना फोन करा.

आमच्याकडून आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, दादांच्या घरी जाऊन कुपनाचा विनोद परत घेतला. वहिनींनी चहा दिला, पण साखर घालायला विसरल्या, आणि आम्ही तो तसाच प्यालो. दोन, नोव्हेंबरच्या हत्ता सहलीत त्यांची गाडी आपल्या बसच्या पुढे राहील असे कार्यकारिणीत मंजूर करून घेतले. दादांनी लगेच विचारले, खुर्च्या किती न्यायच्या.

मामा आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. नोव्हेंबरात महिनाभर आमच्याकडे येत आहेत, परतल्यानंतर प्रथमच. सहलीत वहिनींच्या शेजारची जागा त्यांच्यासाठी मागून घेतली आहे, दादा बसने येतील. गुडघे दुखतात म्हणून एवढ्या खाली बसता-उठता येईल का याची काळजी आहे, त्यासाठी एक छोटे स्टूल बसमध्ये ठेवत आहोत. परवा फोनवर हे सगळे मामांना सांगितले. लाल गाडी, उघडा टप, वर येणारे दिवे. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग विचारले, "गाडी कुणाची?"

म्हटले, आमच्या मंडळातल्या एकांची.

"त्यांना विचारलंय ना नीट?" मामा म्हणाले.